विहीर आटली तरी मोटर वाचली पाहिजे: ड्राय-रनचं साधं सर्किट

स्टार्टरला ओव्हरलोड रिले (करंट जादा झाला की मोटर बंद करणारा) होता, फेज गेला तर बंद पाडणारा प्रिव्हेंटर होता, तरी मोटर जळाली कशी? उन्हाळ्यात खान्देशातल्या रिवाइंडिंगच्या दुकानांत हा प्रश्न रोज विचारला जातो. उत्तर असं की ती मोटर जादा भाराने जळालेली नसते, भार नसल्याने जळालेली असते. विहिरीतलं पाणी संपलं, पंप कोरडा फिरत राहिला (यालाच ड्राय-रन म्हणतात), आणि स्टार्टरमधल्या एकाही यंत्राला त्याचा पत्ता लागला नाही.

आपल्याकडे हे जास्त घडतं, त्याला कारणं आहेत. अजूनही बऱ्याच फीडरवर शेतीची लाइट आठ तास असते, आणि त्यातले काही दिवस रात्रपाळीचे. रात्री दोन वाजता ‘लाइट उनी’ (लाइट आली) म्हणून साप-विंचवाच्या अंधारात विहिरीवर कोण जाणार? म्हणून स्टार्टरला ऑटो बसवला जातो. लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि लाइट जाईपर्यंत चालते. पण ऑटोला फक्त लाइट दिसते, पाणी दिसत नाही. मे महिन्यात एकीकडे केळीला पाणी तोडता येत नाही, दुसरीकडे पूर्वहंगामी कापसाची लावणी तोंडावर असते, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल २०२४ पासून राज्य सरकार भरतं. रिवाइंडिंगचं बिल मात्र शेतकऱ्यालाच भरावं लागतं. पाचशे फुटांवरून पाइप-केबलसकट मोटर वर काढायची मजुरी वेगळी, आणि भर उन्हात बाग चार दिवस तहानलेली राहते ते तर कुठल्याच बिलात येत नाही.

कोरडा पंप आतून कसा मरतो

सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर मिनिटाला साधारण २८०० ते २९०० फेरे घेते. तिच्या आत तापणारी उष्णता बाहेरच्या पोलादी अंगावरून वाहणारं पाणी घेऊन जातं. मोटरचा आणि पंपाचा सगळा भार ज्या थ्रस्ट बेअरिंगवर असतो, त्याला ग्रीस नसतं, पाण्याचा पातळ थर हेच त्याचं वंगण. पंपाच्या बुशांनाही पाणीच ओलं ठेवतं. म्हणजे एकच पाणी तीन कामं करतं: वर येतं, मोटर थंड ठेवतं आणि फिरणाऱ्या भागांना घासू देत नाही. ते संपलं की तिन्ही कामं एकदम बंद पडतात. आधी बुश झिजतात, प्लॅस्टिकचे इम्पेलर (पाणी ढकलणारी चक्रं) असतील तर गरम होऊन वाकतात, मग मोटरच्या आतलं पाणी तापतं आणि शेवटी वाइंडिंगचं इन्सुलेशन जातं. विहिरीच्या काठावरच्या मोनोब्लॉकला (मोटर आणि पंप एकाच अंगात) हवेने थंडावा मिळतो, म्हणून ती थोडी जास्त तग धरते, पण तिचं सील काही मिनिटांत करपतं.

ओव्हरलोड रिले का गप्प बसतो? रिकामी बैलगाडी ओढताना बैलाला जोर कमी लागतो, तसंच हे आहे. पाणी उचलायचं काम उरलं नाही की मोटर कमी करंट घेते. समजा, पाणी असताना एखादी पाच एचपीची मोटर ९ अँपिअर घेते. कोरडी झाली की ती साडेपाच-सहावर येते. ओव्हरलोड लावलेला असतो साडेनऊ-दहावर. त्याच्या दृष्टीने तर मोटर आरामात चाललेली आहे. म्हणून कोणी ‘ओव्हरलोड कमी करून ठेव भाऊ, मोटर वाचेल’ असा सल्ला दिला तर त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. उलट जळगाव-भुसावळकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात पत्र्याच्या पेटीतला ओव्हरलोड नुसत्या गरमीनेच पडायला लागतो. मग माणसं वैतागून त्याची चकती वर फिरवून टाकतात आणि जी सुरक्षा होती तीही जाते. पेटीवर सावली करा, चकतीला हात लावू नका.

म्हणजे आपल्याला दोनपैकी एक हवं: पाणी आहे की नाही हे बघणारं काहीतरी, किंवा करंट कमी झाला की ओळखणारं काहीतरी. आधी पहिलं, कारण ते हाताने बनवता येतं आणि बनवताना सगळं समजतं.

तीन तारांची युक्ती

विहिरीच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून ते थोडी वीज वाहून नेतं. आपल्याकडचं पाणी बहुधा जडच असतं, त्यामुळे हे काम आणखी सोपं. पाण्यात तीन तारा सोडायच्या. सगळ्यात खालची ‘सामाईक’, ती कायम पाण्यात. दुसरी ‘खालची’, पंपाच्या डोक्यापेक्षा मीटर-दीड मीटर वर. तिसरी ‘वरची’, त्याहून आणखी वर. पाणी वरच्या तारेला लागलं की मोटरला परवानगी मिळते आणि खालच्या तारेच्या खाली उतरलं की परवानगी जाते.

दोनच तारा का नकोत? मोटर चालली की पाणी तारेखाली उतरतं, मोटर बंद होते, पाणी बोटभर वर येतं, मोटर पुन्हा सुरू. असं दर मिनिटाला झालं तर मोटर कोरडी न पडताही जळेल, कारण प्रत्येक वेळी सुरू होताना ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि ती गरमी निघून जायला वेळच मिळत नाही. खालच्या आणि वरच्या तारेतलं अंतर ही त्या मोटरची विश्रांती आहे.

आता सर्किट. बारा व्होल्टचा एक रिले (कॉइलला वीज मिळाली की आपोआप दाबलं जाणारं बटण) घ्या, दोन चेंजओव्हर संपर्कांचा, म्हणजे आठ पायांचा. त्याला चालवायला बीसी ५४७ हा साधा ट्रान्झिस्टर पुरतो. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतात. एमिटर उणे तारेला. कलेक्टर रिलेच्या कॉइलच्या एका टोकाला, कॉइलचं दुसरं टोक अधिक बारा व्होल्टला. कॉइलला समांतर १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे पट्टा अधिककडे. तो विसरलात तर रिले सुटताना कॉइलमधून उसळणारा व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारून टाकतो. बेसला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्या रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला वरची तार. बेस ते एमिटर १० किलोओहमचा दुसरा रेझिस्टर, म्हणजे ओल्या केबलमधून झिरपणाऱ्या किरकोळ करंटने रिले ओढला जाणार नाही. सामाईक तार अधिक बारा व्होल्टला.

राहिली खालची तार. ती रिलेच्या पहिल्या संपर्कातून, म्हणजे कॉमन आणि एनओ (रिले ओढला तरच कॉमनला जुळणारा) या दोन पायांमधून, वरच्या तारेच्याच बिंदूला जोडायची. सर्किटची सगळी अक्कल या एका जोडणीत आहे. पाणी वरच्या तारेला लागतं, रिले ओढला जातो, त्याचा पहिला संपर्क मिटतो आणि खालची तार खेळात येते. पुढे पाणी वरच्या तारेखाली गेलं तरी खालची तार रिलेला धरून ठेवते. पाणी तिच्याही खाली गेलं की रिले सुटतो, खालची तार खेळातून बाहेर, आणि आता पाणी पुन्हा वरच्या तारेपर्यंत चढेपर्यंत काही होत नाही.

यात एक अडचण आहे आणि ती शेतावरच कळते. पाणी दोन तारांच्या मध्ये असताना लाइट गेली तर रिले सुटतो. लाइट परत आल्यावर पाणी वरच्या तारेपर्यंत नाही, म्हणून तो ओढत नाही. पाणी भरपूर असून मोटर थांबून राहते आणि आठ तासांतले दोन तास फुकट जातात. उपाय सोपा: रिलेच्या त्या पहिल्या संपर्काला समांतर एक लहान पुशबटण लावा. ते क्षणभर दाबलं की खालची तार जोडली जाते आणि पाणी असेल तर रिले धरतो. रात्री ऑटोवर ठेवायचं असेल तर वरची तार फार उंच ठेवू नका.

बेस आणि एमिटरच्या मध्ये ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला तर दोन फायदे होतात. झऱ्याच्या शिंतोड्यांनी रिले टकटकत नाही, आणि शेजारून जाणाऱ्या थ्री-फेज केबलची जी वीज आपल्या लांब तारांत उतरते ती शांत होते.

पॉवर सप्लायकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. पुस्तकात १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दाखवलेला असतो. शेतावर संध्याकाळी सगळ्यांच्या मोटरी लागल्या की २३० च्या जागी १७० व्होल्ट येतात आणि तो ट्रान्सफॉर्मर रिले धड ओढत नाही. १५ व्होल्टचा घ्या, त्यापुढे ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि ७८१२ हा रेग्युलेटर, त्याला छोटा हीटसिंक. मग १७० वरही चालतं आणि रात्री उशिरा व्होल्टेज चढलं तरी काही बिघडत नाही.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. स्वस्तातली काही सर्किटं ट्रान्सफॉर्मर वाचवून कपॅसिटर आणि रेझिस्टर टाकून थेट मेनवरून बारा व्होल्ट काढतात. एलईडी बल्बात ते चालतं. इथे ती तार तुमच्या विहिरीच्या पाण्यात जाणार आहे. त्या विहिरीवर बाया कपडे धुतात, पोरं उतरतात. ट्रान्सफॉर्मर नसलेलं सर्किट पाण्याला जोडू नका, कोणी फुकट दिलं तरी.

स्टार्टरला कुठे जोडायचं

रिलेचा दुसरा संपर्क मोटरच्या मोठ्या तारांत घालायचा नाही. तो घालायचा स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच्या वाटेत. कॉइलला वीज मिळाली तर कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा मोठा स्विच) मिटलेला, नाही मिळाली तर मोटर बंद. कॉइलच्या एका टोकाला येणारी तार सोडवा आणि ती रिलेच्या कॉमन-एनओ मधून परत त्याच टोकाला न्या. ऑटो कुठेही जोडलेला असो, हिरवं बटण कोणीही दाबो, शेवटी वीज कॉइलच्या टोकापर्यंत याच वाटेने जाते. आणखी एक फायदा म्हणजे विहिरीतली तार तुटली, उंदराने कुरतडली, ट्रान्सफॉर्मर जळाला, तरी मोटर बंदच राहते. सुरक्षेचं सर्किट बिघडलं तर मोटर थांबलीच पाहिजे, चालू राहता कामा नये.

एक अडथळा मात्र आहे. बऱ्याच शेतीच्या स्टार्टरची कॉइल ४१५ व्होल्टची, म्हणजे दोन फेजांवर चालणारी असते. आपल्या छोट्या रिलेचे संपर्क २४०-२५० व्होल्टांसाठी बनवलेले. त्यातून थेट ४१५ नेले तर ठिणगी तुटत नाही, संपर्क चिकटतात, आणि चिकटलेला रिले म्हणजे सुरक्षा नसल्यातच जमा. अशा वेळी मध्ये एक लहान कॉन्टॅक्टर घालायचा, २४ व्होल्ट कॉइलचा, त्याला ४१५ ते २४ चा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर. आपला रिले या कॉन्टॅक्टरला ओढेल, आणि त्याचा संपर्क स्टार्टरच्या कॉइलच्या वाटेत बसेल. सर्किटचा १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरही, न्यूट्रल आलेला नसेल तर, ४१५ प्रायमरीचाच घ्यावा. न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगच्या तारेतून काम भागवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती जीवघेणी आहे. कोरड्या उन्हाळ्यात जमीन वीज नीट ओढत नाही आणि अर्थिंगला जोडलेलं सगळं लोखंड जिवंत होतं. हे काम वायरमनकडून, मेन बंद करून आणि फ्यूज काढून खिशात ठेवूनच करून घ्या.

घरच्या जमिनीतल्या टाकीवर अर्ध्या एचपीची सिंगल-फेज मोटर असेल तर एवढं काही लागत नाही. तिथे फ्लोट स्विच आणि एक कॉन्टॅक्टर पुरे. छोट्या चौकोनी रिलेवरून मोटर थेट चालवू नका, सुरू होतानाच्या करंटने तो चिकटतो.

विहीर आणि बोअर यांचा हिशोब वेगळा

धुळे-साक्रीकडच्या काळ्या खडकातली सहा मीटर व्यासाची विहीर घ्या. तिच्यात एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. वरच्या-खालच्या तारेत दोन मीटर अंतर ठेवलं तर सेकंदाला तीन लिटर उपसणाऱ्या पंपाला ते संपवायला पाच तास लागतात, आणि फटींतले झरे ते हळूहळू भरतात. तीन तारांचं सर्किट या विहिरीसाठीच आहे.

आता रावेर-यावलकडचा, तापीच्या गाळातला खोल बोअर घ्या. सहा इंची बोअरमध्ये एक मीटर पाणी म्हणजे जेमतेम १८ लिटर. दहा मीटर अंतर ठेवलं तरी १८० लिटर. झऱ्यांची भर धरली नाही तर तोच पंप एका मिनिटात ते उपसून टाकतो. म्हणजे नुसत्या तारांवर भरवसा ठेवला तर मोटर चालू-बंद, चालू-बंद करत राहील. शिवाय शंभर-दीडशे मीटर खोल तारा सोडणं, त्या कॉलम पाइपला बांधणं आणि केसिंगला घासू न देणं हीच मोठी कटकट. बोअरला दुसरा मार्ग बरा: करंट बघणारा अंडरकरंट रिले. बाजारात ‘ड्राय-रन’ लिहिलेले जे डिजिटल पॅनेल मिळतात त्यांत बहुधा हाच असतो. तो घरी बनवण्यापेक्षा तयार घ्यावा असं माझं मत आहे, पण सेटिंग मात्र स्वतः समजून करावं.

बोअर भरलेला असताना, व्होल्टेज नेहमीचा असताना, क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या) चालू मोटरचा करंट मोजा. त्याच्या ७५ ते ८० टक्क्यांवर ट्रिप लावा. आपल्या ९ अँपिअरच्या उदाहरणात ७ च्या आसपास. ट्रिपचा उशीर पाच-दहा सेकंद, म्हणजे हवेचा एखादा बुडबुडा आला म्हणून मोटर पडणार नाही. पुन्हा सुरू होण्याचा टायमर अर्ध्या तासापासून पुढे, तुमचा बोअर किती वेळात भरतो त्याप्रमाणे. दुकानातून आलेला पाच मिनिटांचा टायमर तसाच ठेवला तर रात्रभर मोटर पाच-पाच मिनिटांनी जोर मारत बसते.

अंडरकरंटची एक मर्यादा आहे. कोरडी मोटरही शून्य करंट घेत नाही, कारण तिचं चुंबकत्व उभं ठेवायलाच बराच करंट लागतो. त्यातच व्होल्टेज खालीवर झाला की हे आकडे सरकतात. म्हणून नुसता करंट न बघता पॉवर किंवा पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग खरं काम करतो ते) बघणारा रिले मिळाला तर तो जास्त खात्रीचा. मोटर कोरडी झाली की करंटपेक्षा पॉवर जास्त ठळकपणे पडते.

उलट एका बाबतीत करंटवाला तारांवाल्यापेक्षा शहाणा आहे. काठावरच्या मोनोब्लॉकचा फुटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपच्या टोकाची झडप) गळला आणि पंपाने हवा धरली तर विहिरीत पाणी असूनही पंप कोरडा असतो. तारा म्हणतील ‘पाणी आहे’, करंट म्हणेल ‘पाणी येत नाही’. गेट व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तरी तसंच. मोनोब्लॉकवाल्यांनी म्हणूनच जमल्यास दोन्ही लावावं.

सोलर पंपाच्या कंट्रोलरमध्ये बहुधा ड्राय-रनची सोय आधीच असते. त्याच्या तारांत आपलं सर्किट घुसवू नका. वॉरंटी जाते आणि फायदाही काही होत नाही.

बसवताना आणि बसवल्यावर

आधी सगळं टेबलावर, बादलीत. पाणी त्याच विहिरीचं घ्या, नळाचं नको, कारण वीज वाहण्याची क्षमता पाण्यागणिक बदलते. तीन तारा बादलीत उंच-सखल धरा, स्टार्टरच्या जागी एक दिवा लावा, पाणी ओता आणि काढा. वरच्या तारेला पाणी लागल्यावर दिवा लागला आणि खालच्या तारेखाली गेल्यावरच विझला तर सर्किट बरोबर आहे.

तारांच्या टोकाला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावा. तांबं उघडं ठेवलं तर आपल्या डीसी सर्किटमध्ये सामाईक तारेचं टोक हळूहळू खाऊन जातं, आणि बाकी दोन तारांवर चुन्याची पुटं चढतात. (तयार लेव्हल रिले याच कारणाने तारांना एसी देतात. विकत घ्यायचा असेल तर हे विचारून घ्या.) प्रत्येक बोल्ट भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवा, म्हणजे तो कॉलम पाइपला टेकणार नाही. झऱ्याची धार ज्या बाजूने पडते त्या बाजूला तारा सोडू नका.

पुटं जड पाण्यात एका हंगामातही चढतात. अशा वेळी विहीर भरलेली असून मोटर सुरू होत नाही, आणि माणूस कंटाळून सर्किटला बायपास मारतो. बायपास मारण्याआधी तारा वर ओढा, बोल्ट पॉलिश पेपरने घासा आणि परत सोडा. आणि केळीचं पाणी वाढायच्या आधी, फाल्गुनातच, एक तपासणी करून टाका. मोटर चालू असताना पेटीत सर्किटची फक्त बारा व्होल्टची सामाईक तार सोडवा. स्टार्टर लगेच पडला पाहिजे. नाही पडला तर कुठला तरी संपर्क चिकटलेला आहे किंवा कोणीतरी कॉइलची तार परत थेट जोडून ठेवलेली आहे, ते शोधल्याशिवाय मोटर ऑटोवर टाकू नका.